अनोळखी ऑप्शनचं काय करायचं?

आजचा विषय ऐकायला फारच किरकोळ वाटेल. टर्मिनलवर आपण एक कमांड लिहितो, तिच्यापुढे डॅश देऊन एखादा ऑप्शन लिहितो, आणि तो ऑप्शन त्या प्रोग्रामला माहीतच नसतो. मग प्रोग्रामनं काय करायचं? एवढाच प्रश्न. पण त्याला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातल्या एका रात्रीचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, आरोपीच म्हणा.

एक सूचना आधी देतो. व्हिडिओत पडद्यावर ऑप्शन रोमन अक्षरांत दिसत होते. या पुस्तकात ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापलेत. कीबोर्डवर अर्थातच रोमनमध्ये लिहायचे.

साल 2006. मी हैदराबादमध्ये एका कंपनीत होतो. आमच्याकडे ग्राहकांचे कागदी अर्ज यायचे, ते स्कॅन व्हायचे आणि त्या फाइली सर्व्हरवर साठायच्या. जागा सतत कमी पडायची म्हणून मी पर्लमध्ये एक साफसफाईचं टूल लिहिलं होतं. ज्या फोल्डरांची नावं द्याल त्यातल्या जुन्या फाइली ते पुसायचं. आणि त्यात एक ऑप्शन होता, --ड्राय-रन. म्हणजे नुसती यादी दाखव, पुसू काहीच नकोस. नाटकवाल्यांच्या भाषेत रंगीत तालीम.

रात्रपाळीला नांदेडचा एक मुलगा असायचा. हुशार, मन लावून काम करणारा. एका गुरुवारी रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, "दादा, फाइली गेल्या. पण मी तर ड्राय रनच केलं होतं."

खरंच केलं होतं. फक्त त्यानं मधला डॅश न देता --ड्रायरन असं जोडून लिहिलं होतं. माझ्या टूलला हा शब्द माहीत नव्हता. त्यानं तो फोल्डरचं नाव समजून शोधला, असं फोल्डर नाही म्हणून एक ओळ छापली आणि पुढच्या, खऱ्या फोल्डरांकडे वळलं. त्या वेळी फाइलींच्या तारखांमध्ये घोळ होता, त्यामुळे 'जुन्या'मध्ये ताज्या फाइलीही बसल्या. नेमकं हेच तपासायला तो तालीम करत होता! आणि ती एक ओळ पुसलेल्या फाइलींच्या हजारो ओळींखाली कुठल्या कुठे वर सरकून गेली.

टेपवरचा बॅकअप रविवारचा होता. सोमवार ते गुरुवारचे अर्ज पुन्हा स्कॅन करावे लागले. स्कॅनिंगच्या खोलीत बसणाऱ्या बायकांनी पुढचा आठवडाभर जास्तीचे तास बसून ते केलं. घटनेचा अहवाल झाला, त्यात कारण लिहिलं गेलं, 'ऑपरेटरची चूक'. खाली टूलचा लेखक म्हणून माझी सही आहे.

त्यानंतर मी हा इतिहास वाचायला लागलो. आपण एकटेच गाढव आहोत की आपल्याआधीही कोणी होतं, हे मला बघायचं होतं. तर मंडळी, परंपरा मोठी आहे.

युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे 3 नोव्हेंबर 1971. बेल लॅब्ज, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची. समोर पडदा नाही, टेलिटाइप आहे. मॉडेल 33 टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकायचा. त्या वेगात कोण लांबलचक बोलेल? म्हणून कमांड दोन अक्षरी, ऑप्शन एका अक्षराचा, आणि चूक झाली तर उत्तरही आखूड. ईडी हा त्यांचा एडिटर कुठल्याही चुकीला एकच उत्तर द्यायचा, प्रश्नचिन्ह. काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा.

युनिक्समधला एक निर्णय आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. तुम्ही टाइप केलेली ओळ शेल तोडतो, तुकडे प्रोग्रामच्या हातात देतो आणि बाजूला होतो. कुठला तुकडा ऑप्शन, कुठला फाइलचं नाव, हे शेलला कळत नाही आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. ते प्रोग्रामनं बघायचं. याउलट डिजिटल कंपनीची व्हीएमएस प्रणाली घ्या, 1977 साली जाहीर झालेली. तिथे कुठल्या कमांडला कोणते ऑप्शन चालतात याचे तक्ते प्रणालीजवळच असायचे. अनोळखी शब्द दिसला की प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ती हटकायची: हा शब्द ओळखत नाही, स्पेलिंग आणि जागा तपासा. सोसायटीच्या गेटवरच वॉचमन. युनिक्समध्ये वॉचमन नाही, प्रत्येक घरानं आपापलं दार सांभाळायचं.

आणि दारं तऱ्हेतऱ्हेची होती. प्रत्येक लेखक आपल्या प्रोग्राममध्ये स्वतःचं लूप लिहायचा: तुकडा डॅशनं सुरू होतोय का, पुढचं अक्षर कोणतं, ए असेल तर हे कर, बी असेल तर ते कर. यापैकी काहीच नसेल तर? त्या शेवटच्या फांदीत काय लिहायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि घाईत असलेला माणूस तिथे काहीच लिहायचा नाही. डीडी या कमांडनं तर डॅशच नाकारला. तिचे ऑप्शन आयएफ=, ओएफ= असे, आयबीएमच्या जेसीएल भाषेच्या वळणाचे. लोक अजून तिची चेष्टा करतात आणि अजून तीच वापरतात.

या मोकळीकीतून घोळ कसा होतो याचं सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे इको. दिलेलं छापायचं, इतकंच तिचं काम. 1979 च्या सातव्या आवृत्तीत तिला -एन हा एक ऑप्शन होता: शेवटी नवी ओळ सुरू करू नकोस. सिस्टम फाइव्ह या दुसऱ्या शाखेतल्या इकोला -एन माहीत नव्हता. तिथे त्याच कामासाठी मजकुराच्या शेवटी बॅकस्लॅश सी लिहायचं. मग तिला -एन दिला की ती काय करणार? इमानदारीत '-एन' छापणार. तिच्या दृष्टीनं तो ऑप्शन नव्हताच, छापायचा मजकूर होता. पुढे कितीतरी वर्षं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट कामाला लागण्याआधी इकोला एकदा बोलायला लावून बघायच्या, की बाई तू कुठल्या घरची?

इकोचं हसण्यावारी जातं. सोलारिसवरच्या होस्टनेमचं तसं नाही. लिनक्सवर होस्टनेम -एफ लिहिलं की मशीनचं पूर्ण नाव दिसतं, म्हणून लोक तेच सगळीकडे लिहितात. सोलारिसवरच्या होस्टनेमला -एफ ठाऊक नव्हता. पण दुसरी एक गोष्ट ठाऊक होती: रूट वापरकर्त्यानं पुढे एखादा शब्द दिला तर ते मशीनचं नवं नाव. तेव्हा रूट म्हणून ही निरुपद्रवी चौकशी केली की सर्व्हरचं नाव '-एफ' होऊन बसायचं. नुसतं नाव विचारायला गेलात आणि बारसं करून आलात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. माझ्या टूलनं नेमकं हेच केलं होतं. अनोळखी ऑप्शनला ऑप्शन न मानता माल मानलं होतं.

आता या गोष्टीतला उपाय. 1980 च्या आसपास एटी अँड टीमध्ये गेटऑप्ट नावाचं एक छोटं फंक्शन तयार झालं. तुम्ही त्याला चालणाऱ्या अक्षरांची यादी द्यायची. ते एकेक ऑप्शन सोडवून तुमच्या हातात ठेवतं. अनोळखी अक्षर आलं तर दोन गोष्टी करतं. त्रुटीच्या प्रवाहावर प्रोग्रामचं नाव आणि ते अक्षर छापतं, आणि तुमच्या हातात प्रश्नचिन्ह ठेवतं. तेच ईडीचं प्रश्नचिन्ह. पण आता ते माणसाला नाही, प्रोग्रामला मिळतं. पुढे काय करायचं ते प्रोग्रामनं ठरवायचं. रिवाज असा पडला की वापरण्याची रीत एका ओळीत छापायची आणि काम सुरूच न करता बाहेर पडायचं.

काम सुरूच न करता, हे शब्द मी मुद्दाम सावकाश म्हणतोय. अर्धी ओळ समजली म्हणून अर्धं काम करायचं नाही.

मला यात आवडतं ते हे, की गेटऑप्ट जिंकलं ते वादात जिंकलं म्हणून नाही. 1984 साली हेमेनवे आणि आर्मिटेज यांनी कमांडच्या व्याकरणाचे नियम एका निबंधात मांडले होते. पण नियम वाचून कोण सुधारतं? 1985 साली डॅलसमधल्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीनं गेटऑप्टचा सोर्स कोड सार्वजनिक मालकीचा म्हणून देऊन टाकला. एटी अँड टी! जी कंपनी आपल्या युनिक्सच्या प्रत्येक ओळीवर परवान्याचं कुलूप लावायची. टोरोंटोच्या हेन्री स्पेन्सरनंही त्याच सुमारास तशाच वागणुकीचं गेटऑप्ट स्वतंत्रपणे लिहून मोफत वाटलं. आता स्वतःचं लूप लिहिण्यापेक्षा नीट वागणं सोपं झालं. आळशी माणसाच्या हातूनही अनोळखी ऑप्शन आपोआप अडवला जाऊ लागला. पुढे 1992 च्या पॉझिक्स प्रमाणात हे सगळं नियम म्हणून आलं, पण तोवर निकाल लागून गेला होता.

गेटऑप्ट जे वाक्य छापायचं त्यात एक शब्द होता, 'इल्लिगल'. बेकायदेशीर ऑप्शन. ग्नू प्रकल्पातल्या लोकांना तो खटकला. त्यांच्या कोड लिहिण्याच्या नियमावलीत स्पष्ट सांगितलंय की चुकीच्या इनपुटला बेकायदेशीर म्हणू नका, 'इनव्हॅलिड' म्हणा. बेकायदेशीर हा शब्द कायद्यानं मनाई असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. म्हणून लिनक्सवर तुम्हाला 'इनव्हॅलिड ऑप्शन' दिसतं. पण पॉझिक्समध्ये ते जुनं वाक्य नेमून दिलेलं होतं, त्यामुळे पॉझिक्सचं काटेकोर पालन कर असं सांगितलं की ग्नूचं गेटऑप्टही पुन्हा 'इल्लिगल' म्हणायचं! एका शब्दाचा एवढा कीस कशाला, असं मला पूर्वी वाटलं असतं. 'ऑपरेटरची चूक' या शब्दांखाली सही केल्यावर तसं वाटत नाही.

ग्नूनं आणखी एक गोष्ट लोकप्रिय केली: दोन डॅश देऊन पूर्ण शब्दाचे ऑप्शन. एका अक्षरापेक्षा वाचायला किती सोपे. सोबत एक सवलतही, ऑप्शन अर्धवट लिहिला तरी चालतो, फक्त त्या सुरुवातीचा दुसरा ऑप्शन नको. पर्लच्या गेटऑप्ट-लाँग या मॉड्यूलमध्येही ही सवलत आहे. म्हणजे त्या रात्री पोरानं नुसतं --ड्राय लिहून एंटर मारलं असतं तर ते चाललं असतं. पूर्ण लिहायला गेला, एक डॅश राहिला, आणि फसला. यावर मी किती दिवस चडफडलो ते सांगत नाही.

काही जण म्हणतील, मशीनला इतकं कळायला नको का, की ड्रायरन म्हणजे ड्राय-रन? कळवता येतं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉरन टायटलमननं लिस्पसाठी डीविम नावाची सोय केली. नावाचा अर्थच 'मला म्हणायचंय ते कर'. स्पेलिंग चुकलं की ती अंदाज बांधून दुरुस्त करायची. प्रोग्रामरांच्या जार्गन फाइल या कोशात तिचा किस्सा आहे. झेरॉक्स पार्कमध्ये एकानं डिस्कवर जागा करायला कमांड दिली, ज्या फाइलींच्या नावाशेवटी डॉलरचं चिन्ह आहे त्या सगळ्या पुस. तिथला एडिटर जुन्या प्रतींना असा डॉलर लावायचा. योगायोगानं तशी एकही फाइल नव्हती. डीविमनं मदतीला धावून सांगितलं, अशा फाइली सापडल्या नाहीत, तुम्हाला 'सगळ्याच' म्हणायचं असणार, आणि पुसायला सुरुवात केली. अर्धा डझन फाइली गेल्यावर त्यानं कसंबसं थांबवलं.

अंदाज बांधून 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं विचारून थांबणारे प्रोग्राम मला आवडतात. अंदाज बांधून पुढे जाणारे नाहीत.

राहता राहिला तो पंथ जो म्हणतो, कळलं नाही तर सोडून द्या. याला आपण आळस म्हणून मोडीत काढू नये. 1980 साली टीसीपीच्या मसुद्यात जॉन पोस्टेलनं सल्ला दिला होता की आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार. इंटरनेट उभं राहिलं त्यात या सल्ल्याचा वाटा आहे. क्रोम ब्राउझर आजही अनोळखी स्विच निमूटपणे गिळतो. जावाचं बघा. तिथे अनोळखी ऑप्शन दिला तर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. पण 2014 साली जावा 8 आलं आणि त्यातून पर्मजेन हा मेमरीचा भागच काढून टाकला गेला. जगभरच्या सर्व्हरांच्या स्क्रिप्टमध्ये त्याचा आकार सांगणारा ऑप्शन लिहिलेला. एका रात्रीत ते सगळे सर्व्हर बंद पाडायचे? तर नाही. जावा 8 एक इशारा छापायचं, हा ऑप्शन आता नाही, मी दुर्लक्ष करतोय, आणि सुरू व्हायचं. हा तसा अनोळखी नव्हता म्हणा. ओळखीचा होता, पण आता हयात नव्हता.

सगळ्यात बारीक विचार मला जीसीसी या सी कंपायलरमध्ये सापडला. त्याला अनोळखी सूचना दिली, की अमुक प्रकारचा इशारा दाखव, तर तो तक्रार करतो. पण अमुक इशारा दाखवू नकोस, म्हणजे -डब्ल्यू-नो वगैरे, आणि तो इशारा त्याला माहीतच नसेल, तर गप्प बसतो. बरोबरच आहे, जो इशारा मला देताच येत नाही तो न देणं मला सहज जमतं! अशानं नव्या कंपायलरसाठी लिहिलेली फाइल जुन्यावरही चालते. मात्र त्याच वेळी दुसरी काही चूक निघाली, तर तो हेही सांगतो की जाता जाता, हा ऑप्शन मला कळला नव्हता.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात एक गाठ सुटली. ऑप्शन दोन जातींचे असतात, 'हे कर' आणि 'हे करू नकोस'. जीसीसीनं 'करू नकोस' सोडून दिलं तर फार तर एखादी जास्तीची ओळ दिसेल. माझ्या टूलनं सोडलेलं 'करू नकोस' हा त्या संपूर्ण कमांडमधला एकमेव ब्रेक होता. ब्रेकच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून गाडीनं वेग घेतला.

आणि माझ्या टूलमध्ये गेटऑप्ट नव्हतं का? होतं की! तेच पर्लचं गेटऑप्ट-लाँग, सरळ वापरलं असतं तर ते त्या शब्दाला अडवून बोंबललं असतं. पण त्यात पास-थ्रू नावाची एक सेटिंग आहे. ती चालू केली की अनोळखी ऑप्शनबद्दल तक्रार न करता ते तुकडे तसेच पुढे ठेवले जातात. दुसऱ्या प्रोग्रामला आपल्या पोटात घेणाऱ्या टूलसाठी ती लागते. पायथनच्या आर्गपार्समध्येही याच कामासाठी वेगळं फंक्शन आहे. माझं टूल सुरुवातीला उरलेले ऑप्शन फाइंड या कमांडला द्यायचं. नंतर मी फाइंड काढून टाकलं. पास-थ्रूची ओळ राहिली. पुढे काही उरलं नव्हतं, तरी दार उघडं होतं, आणि त्या दारातून येणाऱ्या कशालाही मी फोल्डर म्हणत होतो.

अपघातानंतर शुक्रवारी मी ती ओळ काढली आणि अनोळखी काही दिसलं तर काही न करता बाहेर पडायचं, असं केलं. सोमवारी सकाळी ऑफिसात पोचलो तर तीन कामं बंद. रात्री क्रॉनमधून आपोआप चालणारी तीन कामं माझ्या टूलला असे ऑप्शन देत होती जे आता त्याला चालत नव्हते. दोन फाइंडच्या जमान्यातले होते, निरुपयोगी. तिसऱ्यात कोणीतरी --व्हेरिफाय असं लिहिलं होतं, म्हणजे पुसण्याआधी बॅकअपशी ताडून बघ. असा ऑप्शन माझ्या टूलला कधीच नव्हता. ज्यानं तो लिहिला तो माणूस दोन वर्षं समजत होता की रोज रात्री ताडणी होतेय.

तीन कामं बंद पडली म्हणून पुन्हा एक अहवाल लिहावा लागला. या वेळी कारणाच्या रकान्यात मी माझ्या टूलचं नाव लिहिलं. साहेबांनी विचारलं, ऑप्शन चुकीचे तर त्यांनी दिले होते ना? मी म्हटलं, हो, पण दोन वर्षं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नांदेडचा पोरगा तोवर नोटीस देऊन बंगळुरूला जायच्या तयारीत होता. त्याच्या फाइलीतला पहिला अहवाल बदलता येतो का, ते मी विचारून बघितलं. बंद झालेला अहवाल उघडत नाहीत, असं उत्तर मिळालं.